अक्षराचा साचा कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, नाहीतर महागाईभत्त्यावर, अशी लोकांची समजूत असते. आणि ती अगदीच खोटी नाही. आज मात्र मी एक निराळाच विषय घेतला आहे. मुक्त संगणकप्रणाली घडविणारे जे कारागीर असतात, त्यांपैकी आपली मराठी अक्षरे घडविणाऱ्यांची हकीकत मला सांगावयाची आहे. हा विषय इंजिनिअरांचा, तुमचा काय संबंध, असे एका स्नेह्याने मला विचारलेही. संबंध आहे. हत्यार कोणाच्या मालकीचे, हा कामगार चळवळीतला पहिला प्रश्न आहे. आणि विट्याच्या मागावर तो जितका खरा आहे तितकाच संगणकाच्या पडद्यावरही खरा आहे.

प्रथम 'मुक्त' म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणकाकडून काम करून घेण्यासाठी माणूस जे लिहितो ते माणसाला वाचता येते. त्याला मूळ संहिता म्हणतात. पण यंत्रात चालविण्यासाठी ती संहिता भरडून तिचे आकडे करावे लागतात, आणि ते आकडे कोणाला सहजासहजी वाचता येत नाहीत. आपल्या माणदेशी भाषेत सांगावयाचे तर मूळ संहिता म्हणजे जोंधळा आणि आपल्या हाती येते ते पीठ. पिठाची भाकरी होते, पण पीठ पेरता येत नाही. बहुतेक कंपन्या पीठ विकतात आणि जोंधळा कुलपात ठेवतात. मुक्त प्रणालीचा कारागीर पिठाबरोबर जोंधळाही देतो. पेरा, निवडा, वाण सुधारा आणि शेजाऱ्यालाही द्या असे सांगतो.

आता अक्षरांकडे वळू. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे, त्या काळापासून आरंभ केला पाहिजे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनची छपाई पाहिली, स्वतःच्या अकलेने लाकडी यंत्र उभे केले, शाई तयार केली आणि १८३१ साली शिळाछापाचे मराठी पंचांग काढले. पुढे त्यांनी खिळेही पाडले. त्यांच्या मागून जावजी दादाजी आले. लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागलेला हा मुलगा. त्याने १८६४ साली स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या अक्षरांचे नाव देशभर झाले. पण त्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. कारागिराच्या वाट्याला बहुधा हेच येते.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरे गलाईच्या धंद्यावर उभी आहेत. मूस, भट्टी, धातूचा रस हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. खिळ्याचा उद्योगही त्याच जातीचा होता. आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तांब्यावर ठोकावयाचा, म्हणजे तांब्यात मातृका तयार होते. त्या मातृकेवर शिशाचा रस ओतला की खिळा पडतो. ज्याच्याजवळ ठसा आणि मातृका, तो हजारो खिळे पाडणार. कंपोझिटर दिवसभर उभा राहून केसमधून खिळे उचलील, पण त्याच्या केसमध्ये नसलेले अक्षर तो आणणार कोठून? इंग्रजीचे काम शेसव्वाशे घरांत भागते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी घरे लागत. या पसाऱ्याचा संपूर्ण हिशेब बापूराव नाईक यांनी १९७१ सालच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या ग्रंथात मांडून ठेवला आहे. महाराष्ट्र सरकारच्या मुद्रणखात्याचा संचालक इतका अभ्यास करतो, हे आजच्या अधिकाऱ्यांनी वाचावे म्हणून मुद्दाम सांगितले.

त्या पसाऱ्यात मराठीचे खास असे एक अक्षर होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द पाहा. पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. हिंदीत डोक्यावरच्या रफाराने काम निभते; मराठीला आडव्या रफाराशिवाय गत्यंतर नाही. ठसे कोरणारा आणि मजकूर वाचणारा एकाच भाषेचे होते, तोवर या अक्षरासाठी कोणाकडे अर्ज करावा लागला नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच एका अक्षराभोवती फिरते.

१९८० नंतर संगणक आला. सरकारने भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरविला, १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, १९९१ साली 'इस्की' हे सांकेतिक प्रमाण भारतीय मानक म्हणून जाहीर झाले. कागदावर व्यवस्था उत्तम होती. बाजारात मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने अक्षरांना आकडे दिले. एका कंपनीच्या फाँटात जो आकडा 'क', तोच दुसरीच्या फाँटात उकार. परिणाम असा की सांगलीत टाइप केलेला मजकूर कोल्हापुरात उघडला तर चिन्हांचा पाचोळा दिसे. त्यातही कित्येक प्रणालींना संगणकाच्या पाठीमागे एक कुलूप लावावे लागे. ते बोटभर डबडे नसले तर अक्षर उमटत नसे.

आमच्या युनियनने १९९८ साली यंत्रमाग कामगारांच्या थकबाकीच्या याद्या अशाच एका प्रणालीवर करून घेतल्या होत्या. शंभरावर माणसांचा हिशेब, वर्षवार. काही वर्षांनी ते कुलूप बिघडले. ज्या कंपनीकडून प्रणाली घेतली होती तिने ती आवृत्ती बंद केली होती. नवी घ्या, असे उत्तर आले. कामगार न्यायालयाची तारीख जवळ आलेली. शेवटी जुन्या छापील प्रती समोर ठेवून दोन पोरांनी आठ रात्री सर्व याद्या पुन्हा टाइप केल्या. मजकूर आमचा, घाम आमच्या माणसांचा, भाषा आमच्या बापजाद्यांची. अक्षर तेवढे दुसऱ्याचे. कंपनीने कायद्याविरुद्ध काही केले नव्हते. करारच तसा होता. मालकाचे पुष्कळसे अन्याय कायद्यातच बसतात, हे आम्हा मंडळींना नवे नाही.

हा तंटा आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेत ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिले. आमची प्रणाली तुम्ही फुकट वाटून घेता, ही चोरी आहे, असा त्याचा आशय. त्यांच्या बाजूने काही म्हणणे होते. मेहनतीचा मोबदला मिळाला पाहिजे, हे मी कसे नाकारू? पण त्याच देशात रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रणालीकार मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात काम करीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. कागद अडकला की सर्वांना वर्दी जावी, एवढी दुरुस्ती त्याला करावयाची होती. पण मूळ संहिता मिळेना, कारण ती ज्याच्याजवळ होती त्याने कोणाला न दाखविण्याचे वचन कंपनीला दिले होते. आपल्या हाताखालचे यंत्र दुरुस्त करण्याची अक्कल असून परवानगी नाही, ही गोष्ट त्याला झोंबली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९८९ साली त्याचा 'जीपीएल' परवाना आला. त्यातली युक्ती नामी आहे. कायद्याने लेखकाला जो मालकीहक्क दिला, त्याच हक्काच्या बळावर अट घातली की घ्या, बदला, विकासुद्धा. पण पुढच्याला द्याल तेव्हा मूळ संहितेसह आणि याच अटीवर द्या. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो त्या परवान्याखाली आणला.

इंग्रजीत यांची एक पंचाईत झाली. तिकडे 'मोकळे' आणि 'फुकट' यांना एकच शब्द आहे, त्यामुळे स्टॉलमनला जन्मभर खुलासा करीत फिरावे लागले. आपल्या भाषेत ती अडचण नाही. तुरुंगातून सुटलेला माणूस मुक्त असतो, फुकट नसतो.

आणि आटपाडीकरांना तर हा विचार परका वाटण्याचे कारणच नाही. आपले गाव औंध संस्थानात होते. त्याच संस्थानातल्या किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर तयार होत. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक लावले. चरखा दीडशे रुपयांच्या आत झाला पाहिजे, झोपडीतल्या बाईला तो आठ तास चालविता आला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात त्यावर सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे. या अटींशेजारी आणखी एक अट होती. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण पारितोषिक पाहिजे असेल तर ते पेटंट संघाच्या स्वाधीन करावे. म्हणजे कारागिराला त्याच्या बुद्धीचे दाम एकदाच भरपूर मोजावयाचे आणि साचा सर्वांचा करावयाचा. किर्लोस्करवाडीनेही त्यासाठी चरखा करून पाहिला. लाखाचे पारितोषिक कोणालाच मिळाले नाही, हा भाग निराळा. पण अट मात्र विचार करण्याजोगी होती.

मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर, भारतानंद नावाने आपल्यात मिसळलेला. औंधच्या १९३९ सालच्या लोकराज्याच्या घटनेत त्याचा हात होता, आणि आपल्या शेजारच्या स्वतंत्रपूरची बिनभिंतीची कैद्यांची वसाहत त्याच साली त्याच्या प्रेरणेने वसली. त्याच माणसाने धनुष्य-तकली काढली. ती इतकी साधी की बांबू आणि दोरी मिळाली तर खेड्यातला कोणीही करून घेईल. हत्याराची जात ही अशी असली पाहिजे, असे त्याचे मत दिसते.

आता मराठी अक्षरांचे पुढे काय झाले ते पाहू. १९९१ साली 'युनिकोड' हे जगातील सर्व लिप्यांचे प्रमाण निघाले. त्यात देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतली होती. त्यामुळे 'क' चा आकडा सर्वत्र एक झाला. पण आकडा एक झाला म्हणजे आकार मिळतो असे नाही. आकार फाँटातून यावा लागतो. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. र. कृ. जोशी म्हणजे जाहिरातक्षेत्रात नाव केलेले, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकविणारे सुलेखनकार आणि कवी. २००८ साली ते गेले. बोरूचे वळण संगणकात कसे उतरवावे, याचा त्यांनी जन्मभर ध्यास घेतला. मंगल कंपनीच्या मालकीचा राहिला. पण मुंबईच्या एन.सी.एस.टी. या सरकारी संस्थेत त्यांच्याच देखरेखीखाली झालेला 'रघु' हा फाँट जीपीएल परवान्याखाली मोकळा झाला. एकाच हाताची दोन अक्षरे, एक कुलपात, एक अंगणात.

२००४ साली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेल्या अक्षरांवरून रेड हॅटने 'लोहित' हे फाँट मुक्त केले. पुढे त्यांची निगा पुण्यातच राखली गेली, आणि २०११ साली ते फाँटांसाठीच असलेल्या अधिक सैल अशा मुक्त परवान्याखाली आले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावावरून हे नाव पडले असणार. आमच्या लाल बावट्याशी त्याचा संबंध नाही, तरी ऐकून बरे वाटले.

असा अक्षरकारागीर दिवसभर करतो काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, बसून चित्रे काढतो. चित्र हा कामाचा लहान भाग. 'क' ची रेघ जाड झाली की 'क्त' मध्ये पोट भरून येते; मात्रा उंच केली तर ओळीवर ओळ चढते. एक अक्षर हलविले की पन्नास जोडाक्षरे तपासावी लागतात. त्यानंतर नियम लिहावे लागतात: 'र' चा पाय मोडून पुढे 'य' आला तर रफार वर चढवा. आणि आपल्या आडव्या रफाराचे काय? दाक्षिणात्य भाषांतील 'र' साठी राखलेले नुक्त्याचे 'ऱ' हे अक्षर घ्या, त्याचा पाय मोडा, की आडवा रफार उमटेल, अशी युनिकोडची तजवीज आहे. ही तजवीज फाँट करणाऱ्याला ठाऊक नसेल, तर आचाऱ्यांच्या पंक्तीला नुक्ता आणि हलन्त यांचे कडबोळे वाढले जाते.

मराठीचा 'ल' आणि 'श' यांचेही तसेच. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरविले. हिंदीचे वळण वेगळे. लोहितमध्ये त्यासाठी आरंभी मराठीचा स्वतंत्र फाँट ठेवला होता. नंतर एकाच देवनागरी फाँटात भाषा ओळखून आकार बदलण्याची सोय झाली. अशा दुरुस्त्या कशा होतात, तर कोणीतरी वाचक तक्रार लिहितो, की अमुक शब्दात वेलांटी अक्षराला खेटते. कारागीर ती पाहतो, आपल्या यंत्रावर पडताळतो, कधी उत्तर देतो की दोष फाँटाचा नाही, अक्षरे जुळविणाऱ्या यंत्रणेचा आहे, आणि तक्रार पुढे धाडतो. ती यंत्रणाही बहुतेक ठिकाणी मुक्तच असते. अँड्रॉइड फोनांत आणि फायरफॉक्समध्ये अक्षरे जुळविणाऱ्या यंत्रणेचे नाव 'हर्फबझ'. इराणात जन्मलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनी ती प्रामुख्याने लिहिली, आणि नाव फारसीतले आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. आपण 'हरफ' म्हणतो तोच हा शब्द. मराठीचा रफार जागच्या जागी बसावा म्हणून एक इराणी माणूस घाम गाळतो, आणि मराठी मुलाला त्यात चूक दिसली तर ती स्वतः दुरुस्त करून पाठविता येते. खिळ्यांच्या काळातली जी सोय यंत्राने मोडली होती, ती इतक्या वर्षांनी अशी परत आली.

मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त' हेच नाव एका फाँटाला दिले आहे. देवनागरीबरोबर गुजराती, गुरुमुखी आणि तमिळ लिप्यांतही त्याची भावंडे आहेत; सात जाडींत मिळतो; कोणीही घ्यावा, लग्नपत्रिकेला वापरावा, नाहीतर मोर्च्याच्या पत्रकाला. आमची पत्रके आता त्यातच निघतात.

आता माझा मूळ धंदा. या कारागिराची चूल कशावर पेटते? पुण्याच्या लोहितवाल्यांना कंपनीचा पगार होता. गुगलने मुक्त फाँटांसाठी संस्थांना पैसे मोजून कामे दिली. हे चांगले झाले. पण अशी कामे थोडी. जगभरच्या कितीतरी मुक्त प्रणाली नोकरीवरून घरी आल्यावर, पोरे झोपल्यावर, रात्रीच्या रात्री जागून सांभाळलेल्या असतात. मालक मंडळी त्यांवर कोट्यवधींचा व्यवहार करतात. 'ओपन-एसएसएल' या प्रणालीवर जगातल्या बँकांची गुप्तता अवलंबून होती. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात मोठे भगदाड सापडले, तेव्हा जगाला कळले की तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एक, आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. मग बड्या कंपन्यांनी धावपळ करून निधी जमविला. घर जळाल्यावर विहीर खणण्याची ही रीत आपल्याकडेही आहे.

दुसरे उदाहरण याहून बोचते. 'एक्सझेड' नावाची मजकूर आवळून ठेवणारी लहानशी प्रणाली फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळीत होते. २०२२ साली त्यांनी उघड लिहिले की मनाचे दुखणे आहे, काम रेटत नाही, आणि हा हौसेचा, विनामोबदला उद्योग आहे. लोक मात्र नव्या आवृत्तीसाठी तगादा लावीत होते. मदतीला म्हणून एकजण आला, टोपणनावाचा. दोन वर्षे राबून त्याने विश्वास मिळविला आणि मग त्याच प्रणालीत चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या यंत्रावर प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. तो खोलात गेला म्हणून जग वाचले. संहिता उघडी होती म्हणून त्याला खोलात जाता आले, हेही खरे. पण थकलेल्या माणसाला सुट्टी, सोबती आणि वेतन मिळाले असते, तर चोराला तिथे पाय टाकायला जागा सापडली नसती, असे मला ठाम वाटते. मुक्त हत्यार हवे म्हणणाऱ्यांनी हत्यार करणाऱ्याच्या वेतनाचा प्रश्न टाळला की ती मुक्ती मालकाच्याच पथ्यावर पडते. या क्षेत्रातली मंडळी आमच्यासारख्यांना अजून आपले समजत नाहीत. आम्हीही त्यांच्या दारात फारसे गेलेलो नाही.

१९९३ पासून या गावात पाणी परिषदा भरल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांपुढे मागणी ठेवली, की पाणी सर्वांना समान, ज्याला जमीन नाही त्याच्याही घराला. त्या वेळी कोणी असे म्हटले नाही की पाणी सर्वांचे म्हणून कालवा खणणाऱ्याने मजुरी मागू नये. अक्षरांच्या बाबतीत ही साधी गोष्ट अजून ठरावयाची आहे. शासन मराठीसाठी समित्या नेमते. एखाद्या मुक्त फाँटाची निगा राखणाऱ्या दोन माणसांचा कायमचा पगार त्यात का बसू नये?

शेवटी मोडीबद्दल. औंध संस्थानच्या काळातील खरेदीखते, वाटणीपत्रे अजून आपल्या पेट्यांतून पडलेली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मोडीत आहेत. मोडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून तिचे अक्षर घडविण्यात कोणत्याही दुकानदाराला रस असणार नाही. तरी अंशुमन पांडे या अभ्यासकाने प्रस्ताव मांडला, २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, आणि 'नोटो' या मुक्त अक्षरमालिकेत मोडीचा फाँटही आहे. तो उतरवून घ्यायला पैसा लागत नाही, संहितेसह मिळतो. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते वाळवीला न देता वाचनालयात आणून दाखवावेत. मोडी वाचणारी दोन जाणती माणसे अजून गावात आहेत, आणि त्यांनी वाचून दाखविलेले मोडीतच टाइप करून ठेवायला आमच्या युनियनच्या कार्यालयातला संगणक रविवारी मोकळा असतो.